बंबाला नळ जोडताय? आधी वाफेला वाट ठेवा

महाडजवळ सव येथे जमिनीतूनच गरम पाणी वर येते. बाकीच्या गावांना पाणी तापवायचे म्हणजे जाळ घालणे आलेच. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वर घाटाच्या पायथ्याला, पौष-माघातली पहाट चांगलीच बोचते. पावसाळ्यात चिखलणी करून आलेल्या माणसालाही कढत पाण्याशिवाय बरे वाटत नाही. मागल्या पडवीतला हंडा आणि तिथून न्हाणीपर्यंत बादल्या वाहणारी घरची बाई, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो.

२०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून दारापर्यंत नळ आणण्याची कामे गावोगाव निघाली. साहजिकच 'बंबालाच नळ जोडून टाकू' असे घरात बोलले जाते. विचार चांगला आहे. मात्र जोडणी चुकली, तर बंबाचा बॉम्ब व्हायला वेळ लागत नाही.

असे का होते?

१०० लिटर पाणी २५ अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापले की सुमारे अडीच लिटरने फुगते. वाफ झाली तर तिला मूळ पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक जागा लागते. विजेच्या गिझरला आपोआप बंद होणारी कळ आणि सेफ्टी व्हॉल्व असतो. लाकडाच्या जाळाला अशी कळ नसते. म्हणून बंब सगळीकडून कधीही बंद करू नये.

जोडणी अशी करा

बंब न्हाणीतल्या तोटीपेक्षा उंच ओट्यावर ठेवा. गच्चीवरच्या टाकीचा नळ थेट बंबाला लावू नका. तांब्याच्या पत्र्याचे सांधे तो दाब सोसत नाहीत. मध्ये बॉल कॉकची छोटी स्टीलची टाकी बसवा. तिच्यातील पाण्याची पातळी बंबाच्या तोंडाच्या किंचित खाली राहिली पाहिजे. या टाकीतले गार पाणी बंबाच्या तळाशी सोडा आणि गरम पाणी वरच्या बाजूने घ्या. गरम पाणी हलके होऊन वर चढते. शिवाय नळाला पाणी आले नाही, तरी बंब कोरडा पडत नाही. रिकाम्या बंबात जाळ घातला की सांधे सुटलेच म्हणून समजा.

टाकी आणि बंब यांच्यामध्ये तोटी नको. झाकणावरची वाफेची नळी वर उघडी ठेवा. तिलाही तोटी नको.

साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याने मऊ पडून वाकतो. बंबाजवळ लोखंडी जीआय पाइप आणि पुढे सीपीव्हीसी वापरा. अर्ध्या इंची पाइपाच्या १० मीटर लांबीत सुमारे पावणेदोन लिटर पाणी मावते. तेवढे पाणी दर वेळी निवते, म्हणून न्हाणी बंबाजवळच असावी आणि पाइपाला काथ्या गुंडाळावा.

सोलर आणि गॅस

सोलरची टाकी पॅनेलच्या वर ठेवली की पाणी पंपाशिवाय आपोआप फिरते. थंड देशांत पूर्वी तळघरातल्या बॉयलरचे पाणी असेच वर चढवून खोल्या उबदार ठेवत. आपल्याला खोली नाही, अंघोळीचे पाणी तापवायचे आहे, इतकाच फरक. पण आपल्याकडे पावसाळ्यात सोलरचा भरवसा नाही. म्हणून सोलरचा एक फाटा थेट न्हाणीत न्या आणि दुसरा बंबाच्या छोट्या टाकीत सोडा. ऊन असेल तेव्हा पहिला फाटा उघडा, ढग असतील तेव्हा दुसरा, आणि मगच जाळ घाला.

यात सरपण वाचते. १०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला वीज सव्वादोन युनिटांहून थोडी जास्त लागते. उघड्या चुलीवर त्यालाच ढोबळमानाने साडेतीन ते पाच किलो सुकी लाकडे जातात. ती मोळी कुणाच्या डोक्यावरून येते, हे सांगायला नको.

गॅस गिझर बंद न्हाणीत मुळीच बसवू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, म्हणून माणूस बेसावधपणे जिवाला मुकतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत लावा. आणि २२ जुलै २०२१ च्या महाडच्या महापुरासारखे पाणी घरात शिरले, तर विजेचा गिझर वायरमनला दाखवल्याशिवाय चालू करू नका.

प्लंबर काम करून गेला की पहिल्या दिवशी मंद जाळ घाला आणि स्वतः समोर उभे राहा. वाफेच्या नळीतून वाफ मोकळी बाहेर पडताना दिसली, तरच रोजचे पाणी तापवायला घ्या.