चार दिवसांचा प्रेक्षक: लास व्हेगासमधली ब्रॉडवे नाटकं

जून 2004 मध्ये ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’ला सर्वोत्कृष्ट म्युझिकलचं टोनी पारितोषिक मिळालं. स्पर्धेत ‘विकेड’सारखं दणदणीत नाटक होतं, त्यामुळे हातात घालायच्या बाहुल्या घेऊन बेकार तरुणांची गोष्ट सांगणारं हे छोटेखानी नाटक पुढे जाईल अशी अपेक्षा फारशी कुणाला नव्हती. असं पारितोषिक पदरात पडलं की अमेरिकेत पुढचा रस्ता ठरलेला असतो: शहरोशहरी दौरा. ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’च्या निर्मात्यांनी तो सोडला आणि लास व्हेगासमध्ये उभ्या राहत असलेल्या विन रिसॉर्टशी करार केला. दौऱ्याची वाट पाहणारे गावोगावचे नाट्यगृहचालक त्यामुळे चांगलेच नाराज झाले. रिसॉर्टचे मालक स्टीव्ह विन यांनी नाटकासाठी सुमारे 1,200 आसनांचं नवं नाट्यगृह बांधलं. न्यूयॉर्कच्या ज्या गोल्डन थिएटरमध्ये ते चालू होतं, तिथली आसनं 800 च्या आसपास. सप्टेंबर 2005 मध्ये व्हेगासचे प्रयोग रीतसर सुरू झाले आणि मे 2006 मध्ये थांबले. न्यूयॉर्कमध्ये मात्र हेच नाटक ब्रॉडवेवर 2009 पर्यंत आणि नंतर एका लहान नाट्यगृहात 2019 पर्यंत तग धरून होतं.

या अपयशावर एक तयार निकाल आहे आणि तो आजही सर्रास ऐकू येतो: जुगाराच्या गावात लोकांना गोष्ट नको असते, त्यांना दिवे हवेत, पिसं हवीत, दीड तासात सुट्टी हवी. हा निकाल मला चुकीचा वाटतो. शिवाय तो अन्यायाचाही आहे, कारण सगळा दोष तो प्रेक्षकाच्या अभिरुचीवर ढकलतो. व्हेगासच्या कसिनोंमध्ये ब्रॉडवेची कोणती नाटकं चालली आणि कोणती पडली हे नीट तपासलं, तर कारण वेगळीकडे सापडतं. नाटकाला तिकीट काढणारी गर्दी पुरत नाही; काल पाहिलेलं उद्या दुसऱ्याला सांगणारा, त्याच गावात राहणारा माणूस लागतो. कसिनो रिसॉर्टची रचनाच अशी असते की तिथे गर्दी अफाट आणि असा माणूस जवळजवळ नाही.

दीड तासाच्या नियमापासून सुरुवात करू, कारण त्याला इतिहास आहे. नेवाडा राज्यात 1931 साली जुगार कायदेशीर झाला आणि पुढच्या काही दशकांत हॉटेलांनी करमणुकीचा उपयोग आमिष म्हणून केला. खोली स्वस्त, जेवण स्वस्त, जेवताना समोर चालणारा कार्यक्रमही स्वस्त. तोटा जुगाराच्या टेबलांवर भरून निघे. साहजिकच कार्यक्रम आटोपशीर असणं मालकाच्या सोयीचं होतं. प्रेक्षागृहात बसलेला माणूस तेवढा वेळ जुगार खेळत नसतो. ब्रॉडवेची नाटकं त्या काळातही येत. ‘फ्लॉवर ड्रम साँग’ साठीच्या दशकाच्या सुरुवातीला थंडरबर्ड हॉटेलात झालं. पण गावाची ओळख ठरली ती पॅरिसच्या धर्तीवरच्या नृत्यझगमगाटाने: स्टारडस्टमधला ‘लिडो’ 1958 पासून, ट्रॉपिकानातला ‘फोली बर्जेर’ 1959 पासून. पुढे 1989 मध्ये मिराज हे कसिनो रिसॉर्ट उघडलं आणि हिशेबाची पद्धत पालटली. आता प्रत्येक विभागाने, करमणुकीनेसुद्धा, आपला खर्च आपण काढायचा होता. शतक संपता संपता स्ट्रिपवरच्या, म्हणजे गावच्या मुख्य रस्त्यावरच्या, मोठ्या कसिनोंचं निम्म्याहून अधिक उत्पन्न जुगाराबाहेरचं झालं. म्हणजे प्रेक्षकाला लवकर उठवण्याचं मूळ कारण बरंचसं संपलं होतं. सवय तेवढी मागे राहिली.

सवयीला नवं कारणही मिळालं. नाटक दीड तासाचं केलं की एका संध्याकाळी दोन प्रयोग लावता येतात. न्यूयॉर्कमध्ये आठवड्याला आठ प्रयोगांची रीत आहे आणि दोन प्रयोगांच्या दिवशी पहिला दुपारी होतो, मध्ये श्वास घ्यायला काही तास असतात. व्हेगासमध्ये पहिला प्रयोग संध्याकाळी सातच्या सुमारास आणि दुसरा लगेच साडेनऊ-दहाला. मधल्या तासाभरात प्रेक्षागृह रिकामं करून झाडायचं, मंचावरची प्रत्येक वस्तू पहिल्या प्रवेशाच्या जागी परत मांडायची, घामेजलेले पोशाख बदलायचे, विग पुन्हा बसवायचे, अंगावरच्या मायक्रोफोनच्या बॅटऱ्या बदलायच्या. गळ्याचं काय? एकाच रात्री दोनदा वरच्या पट्टीत गाणं कुठल्याही गळ्याला झेपणारं नाही, म्हणून व्हेनिशियन रिसॉर्टमधल्या ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ने सुरुवातीला नायकाच्या भूमिकेसाठी ब्रेंट बॅरेट आणि अँथनी क्रिव्हेलो असे दोन नट घेतले होते. ‘दीड तासाची आवृत्ती’ म्हटली की डोळ्यांसमोर कात्री येते, पण प्रत्यक्षात ती सबंध कारखान्याची फेरजुळणी असते.

त्या ‘फँटम’कडे जवळून पाहायला हवं. जून 2006 मध्ये ते व्हेनिशियनमध्ये आलं. सुमारे 4 कोटी डॉलर खर्चून त्याच्यासाठी 1,800 आसनांचं खास नाट्यगृह उभारलं होतं. वास्तुरचनाकार डेव्हिड रॉकवेल यांनी आतला सगळा भाग पॅरिसच्या ऑपेरागृहासारखा केला: सोनेरी नक्षी, वर घुमट, भिंतींतल्या बाल्कन्यांत एकोणिसाव्या शतकाच्या पोशाखातले पुतळे प्रेक्षक म्हणून बसवलेले. मूळ दिग्दर्शक हॅरॉल्ड प्रिन्स यांनीच नाटक 95 मिनिटांवर आणलं, मध्यंतर काढून टाकलं. न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीच्या संगीतावर झुंबर मंचावरून वर चढे. इथे त्याचे वेगळे झालेले भाग प्रेक्षकांच्या डोक्यावर हवेत तरंगत, सूर चढत जाताना एकमेकांकडे सरकत आणि घुमटाखाली जुळून अखंड झुंबर होत. पुढे तेच झुंबर थेट प्रेक्षकांवर कोसळत येई आणि डोक्यापासून थोड्याच अंतरावर थांबे. सबंध प्रेक्षागृह मंचाचा भाग झालं होतं. ज्यांनी केवळ ‘काटछाट’ म्हणून या प्रयोगाची बोळवण केली, त्यांनी हे पाहिलंच नाही असं म्हणावं लागेल. एका जागी कायमचा मुक्काम असेल तर नेपथ्याला काय करता येतं, याचा हा उत्तम नमुना होता. ट्रकमध्ये भरून गावोगाव नेण्याच्या नाटकाला हे जमणार नाही. सप्टेंबर 2012 पर्यंत, सहा वर्षांहून अधिक काळ ते चाललं.

मग दीड तास हेच यशाचं गमक होतं का? नाही. ‘हेअरस्प्रे’ फेब्रुवारी 2006 मध्ये लक्सॉरमध्ये आलं, आखूड करूनच आलं, सोबत ब्रॉडवेचा मूळ नट हार्वी फायरस्टीनही होता; जूनमध्ये बंद. ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’ अडखळू लागल्यावर त्याचं मध्यंतर काढून तेही छोटं केलं, उपयोग झाला नाही. ‘द प्रोड्युसर्स’ची छोटी आवृत्ती पॅरिस हॉटेलात वर्षभर टिकली. उलट ‘मामा मिया’ मँडले बेमध्ये फेब्रुवारी 2003 पासून जानेवारी 2009 पर्यंत चाललं, तेही मध्यंतरासह, पूर्ण लांबीचं. त्याच मंचावर त्यानंतर आलेलं ‘द लायन किंग’ही अडीच तासांचं होतं आणि 2009 ते 2011 असं अडीच वर्षांहून अधिक चाललं. मुळात लांबी कमी केली की नाटक हिणकस झालं, हे मराठी माणसाने तरी मानू नये. रात्र रात्र चालणारी आपली संगीत नाटकं पुढच्या पिढ्यांनी पदं आणि प्रवेश कमी करून केली, ‘सौभद्र’सुद्धा, आणि त्यातली चांगली संपादनं रसिकांनी मनापासून स्वीकारली.

आता टिकलेल्या नाटकांची नावं शेजारी शेजारी ठेवून पाहा. ‘मामा मिया’त अ‍ॅबाची गाणी. ‘जर्सी बॉइज’ 2008 पासून 2016 पर्यंत चाललं, मध्ये एकदा हॉटेल बदलूनही. त्यात फोर सीझन्स या गायकवृंदाची गाणी. ‘फँटम’चे सूर तोवर जगभर वीस वर्षं घुमत होते. ‘लायन किंग’चा चित्रपट घराघरांत पोहोचलेला. या नाटकांबद्दलचं सगळं बोलणं व्हेगासच्या बाहेर, आधीच झालेलं होतं. विमानातून उतरणारा प्रवासी ते सोबत घेऊन येत होता. ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’बद्दल मात्र कुणीतरी कुणाला तरी सांगायला हवं होतं. बाहुल्या पाहून हे मुलांचं नाटक आहे असं समजू नका, ते मोठ्यांचं आहे आणि खूप हसवतं, हे मित्राने, शेजाऱ्याने, कचेरीतल्या सहकाऱ्याने सांगण्याचं काम आहे. फलकावर ते मावत नाही. 2019 मध्ये व्हेगासला सव्वाचार कोटी पाहुणे आले आणि सर्वसाधारण मुक्काम तीन-चार रात्रींचा होता. सोमवारी नाटक पाहून भारावलेला माणूस गुरुवारी ओहायोला परतलेला असतो. तो शेजाऱ्याला सांगेलही, पण तो शेजारी व्हेगासला येईल तेव्हा नाटक बंद झालेलं असेल. नव्या नाटकाला पाय रोवायला जे चार-सहा महिने लागतात, तेवढ्यात इथला सबंध प्रेक्षकवर्ग कित्येकदा बदलून गेलेला असतो. दर आठवड्याला नाटक पुन्हा अनोळखी.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की ब्रॉडवेचाही मोठा प्रेक्षकवर्ग पर्यटकांचाच आहे. करोनापूर्व वर्षांत तो सुमारे दोन तृतीयांश असे. आकडा खरा आहे, पण उरलेला तिसरा हिस्सा काय करतो ते पाहायला हवं. शहरात आणि उपनगरांत राहणारा हा प्रेक्षक नवं नाटक सुरुवातीच्या आठवड्यांतच पाहतो, वृत्तपत्रांतली समीक्षा वाचतो, वाद घालतो, आवडलं तर पुन्हा जातो. पर्यटक मागाहून येतो आणि त्याला हे तयार मत मिळतं. शिवाय न्यूयॉर्कला जाणाऱ्या पुष्कळांच्या सहलीत नाटक हा ठरवून केलेला बेत असतो. कसिनोत नाट्यगृहाकडे जायची वाटच जुगाराच्या दालनातून काढलेली, आणि त्या वाटेवर दहा गोष्टी हात धरून थांबवतात.

दुसरा आक्षेप सर्क दु सोले या सर्कस कंपनीचा. ‘मिस्टेर’ 1993 मध्ये ट्रेझर आयलंडमध्ये आलं तेव्हा त्याला कुठे कोण ओळखत होतं? तरी ते रुजलं, आणि 1998 पासून बेलाजिओतल्या प्रचंड जलाशयावर होणारा ‘ओ’ आजही चालू आहे. याचं उत्तर कलाप्रकारातच आहे. उंचावरून पाण्यात झेपावणारं शरीर समजायला भाषा लागत नाही, पात्रांची ओळख लागत नाही. एका छायाचित्रातून खेळाची निम्मी महती कळते. शब्दांवर उभ्या असलेल्या विनोदी म्युझिकलचं तसं छायाचित्र काढता येत नाही. सर्कच्या यशावरून एवढंच सिद्ध होतं की विस्मरणशील गर्दीला साजेसा प्रकार असू शकतो. ती गर्दी विस्मरणशील नव्हती, असं त्यातून निघत नाही.

तिसरा आक्षेप मंदीचा. 2008 च्या मंदीने व्हेगासची कंबर मोडली हे उघड आहे आणि ‘मामा मिया’ला तिची झळ लागली असेल. पण ‘हेअरस्प्रे’ आणि ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’ पडली ती 2006 मध्ये, गाव तेजीच्या शिखरावर असताना. आणि ‘जर्सी बॉइज’ने नेमकी मंदीची वर्षं ओलांडली.

कसिनोच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. नाट्यगृह ही त्यांच्यासाठी महागडी जागा आहे आणि तिच्यावर इतरांचाही हक्क असतो. सीझर्स पॅलेसने मार्च 2003 मध्ये सेलिन डिऑनसाठी 4,000 हून अधिक आसनांचं कोलोसियम उघडलं आणि एका गायिकेच्या नावावर ते वर्षानुवर्षं भरलं. असं उदाहरण समोर असताना पंचवीस-तीस नट, वाद्यवृंद आणि तंत्रज्ञ पोसणारं नाटक हिशेबात मागे पडणारच. विनच्या त्याच नाट्यगृहात ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’नंतर ‘स्पॅमलॉट’ आलं, 2008 मध्ये तेही गेलं आणि पुढे तिथे डॅनी गॅन्स, गार्थ ब्रूक्स असे एकट्याच्या नावावर जागा भरणारे कलावंत आले. मालकांचं हे वागणं गैर नव्हतं. मात्र आठ महिन्यांत नाटक उतरवल्यावर त्याचा दोष प्रेक्षकाच्या डोक्यावर ठेवणं गैर आहे.

कारण याच गावाने पुढे वेगळी साक्ष दिली. स्ट्रिपपासून काही मैलांवर, जुन्या गावठाणाजवळ, युनियन पॅसिफिक रेल्वेच्या मोकळ्या पडलेल्या जागेवर मार्च 2012 मध्ये स्मिथ सेंटर उघडलं. डेव्हिड श्वार्झ यांनी आखलेली ही वास्तू हूवर धरणाच्या काळाची शैली मिरवते. तिच्या मुख्य रेनॉल्ड्स हॉलमध्ये दोन हजारांच्या आसपास आसनं आहेत. इमारतीत जुगाराचं एकही यंत्र नाही. इथे ब्रॉडवेची दौऱ्यावरची नाटकं पूर्ण लांबीची, मध्यंतरासह होतात आणि लोक सबंध हंगामाची तिकिटं एकदम घेतात: ज्यांची गाणी तोंडपाठ आहेत त्या नाटकांची, आणि नावही न ऐकलेल्या नाटकांचीसुद्धा. हे घेणारे कोण? कसिनोत पत्ते वाटणारे, हॉटेलांतले कर्मचारी, शिक्षक, डॉक्टर, निवृत्त होऊन वाळवंटात स्थायिक झालेले. वीस लाखांहून अधिक वस्तीच्या त्या परिसरात कायम राहणारी माणसं. ‘विकेड’ तिथे त्याच वर्षी आलं, ‘हॅमिल्टन’ 2018 मध्ये. स्ट्रिपवर हाच रहिवासी पर्यटकांसाठी लावलेले दर पाहून पाठ फिरवत आला होता, आणि त्याच्यासाठी नाटक लावावं असं कसिनोला कधी वाटलंही नव्हतं.

कुणी म्हणेल, स्मिथ सेंटरची तुलनाच चुकीची आहे. ते देणग्यांवर उभं आहे. डोनाल्ड रेनॉल्ड्स प्रतिष्ठानाने त्याला 15 कोटी डॉलर दिले आणि भाड्याच्या गाड्यांवरच्या कराचा पैसाही त्यात आहे, हे खरंच. दौऱ्यावरचं नाटक काही आठवड्यांत पुढे निघून जातं, त्याला वर्षभर रोज आसनं भरावी लागत नाहीत, हेही खरं. पण कसिनोंची नाट्यगृहंदेखील निव्वळ तिकिटांच्या भरवशावर कुणी बांधली नव्हती. हॉटेलाच्या खोल्या, उपाहारगृहं आणि टेबलं यांच्या कमाईतूनच ती उभी राहिली. पैसा दोन्हीकडे बाहेरचा होता. तो एका ठिकाणी येत्या शनिवारच्या पाहुण्यासाठी लावला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी पुढच्या हंगामातही त्याच खुर्चीवर येऊन बसणाऱ्या माणसासाठी.