टोळीच्या ट्रकमधले बैल

दसरा-दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतून ऊसतोड टोळ्या बाहेर पडतात. कोयते, पत्र्याच्या पेट्या, पाण्याची पिंपं, लेकरंबाळं, आणि गाडीसेंटरची, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारी टोळी असेल तर बैलसुद्धा, असं सगळं बहुतेकदा एकाच ट्रकमध्ये चढतं. कारखाना सांगली-कोल्हापूरकडचा असला तर हा रस्ता चारशे किलोमीटरच्या आसपास जातो. मजुरांच्या हालांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते लिहायलाच हवं. बैलांच्या प्रवासाकडे मात्र आपण फक्त कायदा मोडल्याची बातमी आली की पाहतो. हा प्रवास मुळात जनावरांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. त्याची झळ बैल ट्रकमधून उतरल्यावर काही दिवसांनी कळते, म्हणून रस्त्यात सापडलेल्या ड्रायव्हरला दंड करून तो मिटत नाही. ज्याच्या गाळपासाठी हे बैल हलवले जातात, त्या कारखान्यानेच त्याची जबाबदारी घेतली पाहिजे.

चालत्या ट्रकमध्ये बैल सहसा बसत नाही. पाय फाकून, तोल सांभाळत उभा राहतो. ब्रेक लागला की, वळण आलं की त्याचं अंग ताणलं जातं. शेण-मुताने फळी निसरडी झाली की पाय घसरतो, आणि दाटीत खाली पडलेलं जनावर उठू न शकल्याने शेजारच्याच्या पायाखाली तुडवलं जातं. चारापाण्याविना एक अख्खा दिवस गेला तर वजन पाच-सात टक्क्यांनी सहज उतरतं. त्यातलं काही पोट रिकामं झाल्यामुळे, तर काही अंगातलं पाणी गेल्यामुळे. पोटातल्या ज्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर बैल कडबा पचवतो, त्यांचंही बिनसतं. ताणामुळे प्रतिकारशक्ती ढासळते आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या घशात गप्प बसलेले घटसर्पाचे जंतू डोकं वर काढतात. अशा बैलाला उतरवल्या उतरवल्या फडातलं हिरवं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, पोटभर मिळतं. घरी कडब्यावर असलेल्या पोटाला हा बदल एकदम सोसत नाही. शिवाय वाढ्यातलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. चुन्याची निवळी शिंपडून वाढं घालावं, असं पशुवैद्यक सांगतात ते त्यासाठीच. आठवड्याभराने बैल मंदावला, खोकू लागला, तर दोष हवापाण्याला दिला जातो. प्रवासाचं नाव कोणी काढत नाही.

नियम नाहीत असं नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 1978 मध्ये जनावरांच्या वाहतुकीचे नियम झाले. एका मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं नकोत, तळाला पाय न घसरणारं काही अंथरलेलं असावं, बरोबर देखरेखीला माणूस असावा, दुसरा माल भरू नये आणि पशुवैद्यकाचा दाखला असावा, असं त्यांत आहे. पुढे मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन 2016 पासून प्रत्येक गाय-म्हशीमागे किमान दोन चौरस मीटर जागेची अट आली. नियम चांगले आहेत. पण ते लिहिताना डोळ्यांसमोर व्यापाऱ्याची गाडी होती. बैल आणि बिऱ्हाड एकत्र नेणारी टोळी नव्हती. सहा बैल म्हणजे तीन जोड्या, आणि त्यांच्याबरोबर बिऱ्हाड नेता येत नाही. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर निघालेल्या कुटुंबाने बैलांसाठी वेगळी गाडी करावी, ही अपेक्षा रास्त नाही. भाडं परवडत नाही हा पहिला आक्षेप म्हणूनच खरा मानावा लागतो. पण तेवढ्यासाठी दाटी चालवून घेता येणार नाही. भाडं कोणी द्यायचं, हे ठरवावं लागेल.

दुसरा आक्षेप परंपरेचा. लमाणांचे तांडे, धनगरांचे कळप पूर्वापार शेकडो मैल जात आले, त्यांना कुठे नियम होते? पण ते जात होते पायी. वाटेत चरत, नदीवर पाणी पीत, मुक्कामाला बसून रवंथ करत. अंतर तेवढंच असलं तरी ट्रकमध्ये यातलं काहीच उरत नाही. युरोपीय संघात रस्ते उत्तम असूनही मोठ्या गुरांना चौदा तासांनंतर किमान एक तास विसावा आणि पाणी देणं बंधनकारक आहे. अमेरिकेने रेल्वेने जाणाऱ्या जनावरांसाठी अठ्ठावीस तासांची मर्यादा 1873 मध्येच घातली होती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. जनावरांची गाडी दिसली की ती अडवणारे, मारहाण करणारे जमाव असतात. नियम कडक केले तर त्यांच्या हातात आणखी एक काठी जाईल, असं म्हटलं जातं. ही भीती पोकळ नाही. याच भीतीपोटी ड्रायव्हर रात्री निघतो, ताडपत्री घट्ट बांधतो आणि कुठे थांबत नाही. हवा कोंडते, पाणी चुकतं, म्हणजे सोसावं लागतं ते बैलालाच. यावर उपाय उघडपणाचा आहे. बैलाच्या कानात बारा अंकी बिल्ला, हातात लसीकरणाची नोंद आणि कारखान्याचं पत्र असेल, तर टोळीला दिवसाउजेडी थांबता येईल.

लसीचं महत्त्व 2022 च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीने शिकवलं. राज्यभर गुरांचे बाजार बंद झाले आणि तोडणीचा हंगाम तोंडावर असताना वाहतुकीवर निर्बंध आले. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला सुमारे तीन आठवडे लागतात, तेव्हा ट्रक दारात उभा राहिल्यावर टोचून उपयोग नाही. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, लम्पी या लसी सप्टेंबरातच गावात झाल्या पाहिजेत. त्याहून दुर्लक्षित आहे तो परतीचा प्रवास. मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपून पट्टा पडतो तेव्हा बैल राबून खंगलेले असतात आणि मराठवाड्यात पारा चाळिशीला टेकलेला असतो. शेवटची मोळी तुटली की या बैलांची विचारपूस करणारं कोणी नसतं. पारा 37 अंशांवर जात असेल तिथे दुपारी बारा ते तीन जनावर गाडीला जुंपू नये, असा 1965 चा नियम आहे. उभ्या, तापलेल्या ट्रकलाही तोच न्याय लावला पाहिजे.

अंबड तालुक्याला यात सुरुवात करणं शक्य आहे. इथून टोळ्या जातात आणि इथल्याच अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखानाही आहे. पाठवणारा आणि बोलावणारा, दोन्ही बाजू इथे आहेत. धुळे-सोलापूर महामार्ग वडीगोद्री आणि शहागडवरून जातो, शहागडला गोदावरी आहे. तिथे हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन आठवडे सावली, पाण्याचे हौद, बैल उतरवायला मातीचा उतार आणि एक पशुधन पर्यवेक्षक एवढी सोय उभी करायला मोठा खर्च येणार नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं सरकारने ठरवलेलंच आहे. बैलजोडी हे त्या कुटुंबाचं भांडवल आहे, तेव्हा तिच्या प्रवासाचा खर्च कल्याणात मोडतो. येत्या हंगामाचे करार होताना मुकादमांनी आणि कारखान्यांच्या संचालकांनी त्यात एक कलम घालावं: बैलांची जाण्यायेण्याची गाडी कारखान्याची, आणि एका गाडीत तीनच जोड्या.