ध्वनिलहरींवर स्वार इलेक्ट्रॉन

तारेतून वाहणारी वीज म्हणजे इलेक्ट्रॉनांची प्रचंड गर्दी. एक अँपिअरच्या प्रवाहात दर सेकंदाला सुमारे ६ अब्ज अब्ज इलेक्ट्रॉन पुढे सरकतात. या गर्दीतील नेमका एक इलेक्ट्रॉन उचलून ठरावीक ठिकाणी पोहोचवायचा झाल्यास काय करावे? शास्त्रज्ञांनी त्यासाठी ध्वनिलहरींना कामाला लावले आहे.

अर्धवाहकाच्या चकतीवर धातूचे सूक्ष्म इलेक्ट्रोड बसवून विद्युतदाब दिला, की इलेक्ट्रॉनला अडकवून ठेवणारा खळगा तयार होतो. हाच ‘क्वांटम डॉट’. दोन डॉटमधील वाट मोकळी केली, तरी वाटेतील इतर इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत आपला इलेक्ट्रॉन हरवण्याची भीती असते. म्हणून वाट आधी पूर्ण रिकामी केली जाते आणि मग ध्वनीला पाचारण केले जाते.

गॅसच्या लायटरचा खटका दाबताच ठिणगी पडते, कारण आतील स्फटिकावर दाब पडला की वीज निर्माण होते. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकातही हा गुण आहे. त्याच्या पृष्ठभागावरून ध्वनिलहर धावू लागली, की तिच्यासोबत विद्युतविभवाचे चढउतारही धावतात. त्यातील एखादा उतार पहिल्या डॉटमधील इलेक्ट्रॉनला कवेत घेऊन दुसऱ्या डॉटमध्ये नेऊन सोडतो. अशा पृष्ठलहरींचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्येच मांडले होते.

केंब्रिजमध्ये १९९६ साली लहरीच्या प्रत्येक उतारातून एकेक इलेक्ट्रॉन वाहून नेण्यात यश आले. २०११ मध्ये केंब्रिज आणि फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गटांनी स्वतंत्रपणे एकच इलेक्ट्रॉन एका डॉटमधून काही मायक्रोमीटर दूरच्या डॉटमध्ये पोहोचवला. केंब्रिजच्या गटाने तर त्याच इलेक्ट्रॉनच्या अनेक येरझारा घडवल्या. २०१९ मध्ये २२ मायक्रोमीटरच्या प्रवासात यशाचे प्रमाण ९९ टक्क्यांवर गेले.

या खटाटोपामागे क्वांटम संगणकाचे स्वप्न आहे. इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’मध्ये माहिती साठवता येते, पण दूरच्या डॉटशी ती जोडायची कशी, हा कळीचा प्रश्न आहे. ही लहर सेकंदाला सुमारे २.८ किलोमीटर जाते. प्रकाश तिच्या एक लाख पट वेगवान. पण हा संथपणाच उपयोगी पडतो, कारण वाटेतच इलेक्ट्रॉनला हाताळण्यास वेळ मिळतो. अडचणीही आहेत. हे प्रयोग निरपेक्ष शून्याजवळच्या कडाक्याच्या थंडीतच जमतात आणि संगणकाच्या दृष्टीने शंभरातील एक चूकही फार महाग पडते. ती चूक किती कमी करता येते, यावरच या संशोधनाची पुढची वाटचाल अवलंबून आहे.