कृष्णमेघांच्या आड — लेखांक अकरावा : एका किरणाचा ताप

ज्येष्ठेच्या उत्तरेस असलेल्या भुजंगधारीतील कृष्णमेघात शिरून तेथील नवजात ताऱ्यांची शिरगणती करावयाची, असे गेल्या आठवड्यात ठरले होते. परंतु मध्यंतरी सांगलीच्या एका वाचक भगिनींचे जे पत्र आले, त्यातील शंका इतकी मर्मावर बोट ठेवणारी आहे की, तिचा खुलासा केल्यावाचून पुढे जाणे म्हणजे पाया न भरता भिंत उचलण्यासारखे होईल, म्हणून ती शिरगणती एक आठवडा तहकूब ठेवतो. परावर्तन अभ्रिकेतील धूळ स्वतः थंडगार असून शेजारच्या ताऱ्याचे तेज तेवढे उसने घेते, हे मान्य केले, तर अवरक्त दुर्बिणीतून तीच धूळ निखाऱ्यासारखी का दिसावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

उसनेपणाचा दाखला जुना आहे. अमेरिकेत ॲरिझोनातील लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ साली कृत्तिकांपैकी मेरोपी या तारकेलगतच्या पुसट अभ्रिकेचा वर्णपट घेतला, तेव्हा तो तारकेच्या वर्णपटाची हुबेहूब नक्कल निघाला, आणि ही अभ्रिका म्हणजे ताऱ्याच्या उजेडात दिसणारी धूळ होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आता त्या धुळीच्या उष्णतेचा जमाखर्च मांडून पाहू. ताऱ्याकडून जेवढी ऊर्जा जमा होईल तेवढीच कणाने प्रारणरूपाने खर्ची टाकावयाची, हा नियम. आणि या हिशेबाने ताऱ्यापासून प्रकाशवर्षाच्या काही दशांश अंतरावरील कणाचे तापमान शंभर केल्व्हिनच्याही खाली बसते. इतका थंड पदार्थ दूरच्या अवरक्तात, पन्नास-शंभर मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास, प्रकाशेल. दोन मायक्रॉनला मात्र त्याच्याकडून काहीही येता कामा नये.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डॉक्टरेटसाठी संशोधन करताना क्रिस्टन सेलग्रेन या विदुषींनी मृगातील एनजीसी २०२३ व एनजीसी २०६८ आणि वृषपर्व्यातील एनजीसी ७०२३ या तीन अभ्रिकांचे नेमके हेच वेध घेतले. १९८४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध मी आजवर किती वेळा वाचला असेन याची गणती नाही, आणि दर वेळी त्यातील एका गोष्टीपाशी मी थांबतो. दोन ते पाच मायक्रॉनमधील प्रकाश परावर्तनाच्या हिशेबात बसत नव्हता, आणि त्याच्या रंगावरून निघणारे तापमान सुमारे १००० केल्व्हिन, म्हणजे लोहाराच्या भट्टीत लोखंड लाल होते तेवढे, भरत होते. एवढेच नव्हे, तर ताऱ्यापासून दूर दूर जावे तसा प्रकाश मंदावत असूनही त्याचा रंग जागचा हलत नव्हता. शेगडीपासून दहा पावले मागे सरले तरी अंगाला तेवढाच चटका बसावा, तशातला हा प्रकार!

याची किल्ली कणाच्या आकारमानात आहे. पळीभर कढत पाणी भरल्या रांजणात ओतले तर रांजणाला त्याची दखलही नसते. तेच रिकाम्या पंचपात्रीत ओतले तर पंचपात्रीला हात लाववत नाही. नेहमीचा धूलिकण कोट्यवधी अणूंचा, तो रांजणाच्या जागी. पण ज्या कणात जेमतेम पन्नास-शंभर अणू आहेत, त्यावर जंबुपार प्रकाशाचा एकच फोटॉन आदळला, तर तो कण क्षणार्धात हजार केल्व्हिनपर्यंत तापतो, काही सेकंदांत ती उष्णता अवरक्त प्रकाशाच्या रूपाने टाकून पुन्हा गारठतो, आणि पुढचा फोटॉन येईपर्यंत तसाच पडून राहतो. हिवतापाच्या रोग्याचे महिन्याचे सरासरी तापमान काढून त्याच्या दुखण्याचे निदान होत नाही. या कणाचेही तसेच आहे. ताऱ्यापासून दूर जावे तसे आघात विरळ होतात, म्हणून उजेड घटतो. परंतु प्रत्येक आघाताचे बळ तेच राहते, म्हणून रंग पालटत नाही. एडवर्ड पर्सेल यांनी अतिसूक्ष्म कणांच्या तापमानातील अशा चढउतारांचा विचार १९७६ सालीच मांडला होता. त्याला आकाशातील साक्षीदार मिळाला तो या तीन अभ्रिकांत.

हे कण कशाचे असावेत, याचे उत्तर त्याच १९८४ साली फ्रान्समध्ये लेजे आणि प्युजे यांनी सुचविले : कार्बनच्या षट्कोनी वलयांनी जोडलेले, कडेला हायड्रोजन असलेले सपाट रेणू. लोकरी कपड्यांच्या ट्रंकेत आपण जी डांबरगोळी टाकतो, तिच्यातील नॅफ्थॅलीन हा या कुळातील दोन वलयांचा धाकटा सदस्य, आणि कंदिलाच्या काजळीत त्याचे थोरले भाऊबंद आढळतात. पुढे २०१० साली स्पिट्झर दुर्बिणीच्या वर्णपटांवरून सेलग्रेन आणि सहकाऱ्यांनी साठ कार्बन अणूंचा, फुटबॉलच्या घडणीचा रेणू ओळखला, तोही त्याच एनजीसी ७०२३ मध्ये. पाव शतकापूर्वी जिच्या रंगाने कोडे घातले, त्याच अभ्रिकेकडे हे संशोधक परतले होते, आणि या खेपेस त्यांना कार्बनचा एक रेणू नावानिशी भेटला.

ही सारी रुजुवात आताच का हवी होती, तेही सांगतो. भुजंगधारीतील पुष्कळ बालताऱ्यांभोवती धुळीची चकती असते, आणि तिची आतील कड ताऱ्याच्या इतकी निकट असते की तेथील धूळ खरोखरीच, अखंडपणे, हजार केल्व्हिनच्या वर तापलेली राहते. तिचाही प्रकाश दोन मायक्रॉनच्या आसपासच येतो. एकाच तरंगलांबीवर एक ऊब भट्टीची आणि दुसरी क्षणभराच्या तापाची! या दोहोंची ओळख पटल्यावाचून ज्याने मेघात प्रवेश केला, तो भलत्याच ठिकाणी चकती मोजून बसण्याचा संभव आहे. आता ती चूक आपल्या हातून व्हावयाची नाही, आणि याचे श्रेय सांगलीच्या त्या पत्राला आहे. तेव्हा पुढील आठवड्यात ज्येष्ठेवरून उत्तरेकडे निघू.