‘डिड नॉट वेन्ट’ कुठून येतं?

मराठी माध्यमाच्या सहावी-सातवीच्या इंग्रजीच्या वह्या तपासायला घेतल्या की एक वाक्य हमखास भेटतं: ‘ही डिड नॉट वेन्ट टू स्कूल.’ बाई ‘वेन्ट’भोवती लाल गोल करतात, वर ‘गो’ लिहितात आणि पुढची वही ओढतात. वह्यांचा गठ्ठा मोठा असतो, तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. पुढच्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा येतं. चुकलं एवढं मुलाला समजतं. का चुकलं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

खरं तर उत्तर त्याच्या तोंडातच असतं. ‘तो शाळेत गेला नाही’ या वाक्यात भूतकाळ ‘गेला’मध्ये आहे आणि ‘नाही’ नंतर येऊन बसतं. इंग्रजीत नकार द्यायचा झाला की भूतकाळाचं ओझं ‘डिड’ उचलतो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परत जातं. मुलानं बाईंनी शिकवलेला ‘डिड’ लावला आणि घरच्या भाषेच्या सवयीनं क्रियापदही भूतकाळात ठेवलं. त्यानं दोन्ही भाषांचे नियम पाळले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशी लहान मुलंही बोलायला शिकताना काही काळ भूतकाळ असा दोनदा लावतात. त्यांना कुणी ढ म्हणत नाही.

मानखुर्दमध्ये ही गोष्ट वहीपुरती राहत नाही. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात मानखुर्द-गोवंडीचा एम-पूर्व विभाग शहरात सगळ्यात तळाला होता. 1992 मध्ये हार्बर मार्गाची लोकल खाडी ओलांडून वाशीला गेली आणि नवी मुंबईतली ऑफिसं, मॉल, कॉल सेंटर इथल्या तरुणांच्या आवाक्यात आली. पण तिथल्या मुलाखतीत पहिला प्रश्न इंग्रजीत येतो: टेल मी अबाउट युवरसेल्फ. उत्तर बहुतेकदा असं सुरू होतं: ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन मानखुर्द सिन्स फिफ्टीन इयर्स.’ समोरचा माणूस काही बोलत नाही, फक्त मनात नोंद करतो.

हे वाक्यही मराठीतूनच उतरलेलं आहे. ‘मी पंधरा वर्षांपासून मानखुर्दला राहतो’ असं म्हणताना मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो. पूर्वी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट सांगायला इंग्रजीला मात्र वेगळा काळ लागतो: ‘हॅव बीन लिव्हिंग’. शिवाय आपला ‘पासून’ आरंभालाही चालतो आणि कालावधीलाही. ‘2010 पासून’ आणि ‘पंधरा वर्षांपासून’ दोन्ही बरोबर. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’ आणि दुसऱ्याला ‘फॉर’. हा फरक फळ्यावर शेजारी शेजारी दोन वाक्यं लिहून दाखवता येतो. तसं न करता तो पाठ करायला दिला जातो आणि परीक्षेनंतर विसरला जातो.

सप्तमीची गोष्ट तर याहून सुरेख आहे. सकाळी, रात्री, सोमवारी, घरी: चारही शब्दांना एकच ‘ई’ पुरते. इंग्रजीत सकाळीला ‘इन द मॉर्निंग’, रात्रीला ‘अ‍ॅट नाइट’, सोमवारीला ‘ऑन मंडे’ आणि घरीला ‘अ‍ॅट होम’. त्यातही रात्रीला ‘द’ नाही आणि सकाळीला मात्र हवा. रिक्षात बसलेला माणूस ‘इन’ असतो, लोकलमध्ये बसलेला ‘ऑन द ट्रेन’. याला पूर्ण तर्क नाही. बराचसा भाग वापरानं रुळलेला आहे आणि कानावर पडूनच तो पक्का होतो. शिक्षकानं हे मोकळेपणानं सांगावं. नियम नसलेल्या जागी नियम शोधत बसलेलं मूल स्वतःच्याच बुद्धीवर शंका घ्यायला लागतं.

सगळ्यात मोठा घोळ मात्र आपणच घातलेला आहे, तो प्रयोगांचा. मराठीच्या तासाला शिकवतात, ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. इथे क्रियापद रामाचं ऐकत नाही, आंब्याचं ऐकतं. पोळी असती तर ‘खाल्ली’ झालं असतं. पुढच्या तासाला इंग्रजीचं गाइड ‘पॅसिव्ह व्हॉइस’चं मराठी नाव देतं, तेही कर्मणी प्रयोग. मग ‘रामा एट अ मँगो’ हे वाक्य इंग्रजीत ‘अ‍ॅक्टिव्ह’ कसं? मुलाचा प्रश्न रास्त आहे. मराठी कर्मणीत राम आपल्या जागी ठामपणे उभा असतो, फक्त क्रियापदाची जुळणी कर्माशी होते. इंग्रजी ‘पॅसिव्ह’मध्ये आंबा उचलून कर्त्याच्या जागी बसवला जातो आणि राम वाक्याच्या टोकाला जातो किंवा गळूनच पडतो. या दोन वेगळ्या रचना एकाच नावाखाली शिकवल्या, तर गोंधळ होणारच. तो मुलाच्या माथी मारणं अन्याय आहे.

‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ या तिघांचा त्रास जगभर आहे. रशियन, चिनी आणि जपानी भाषांतही असे शब्द नाहीत, त्यामुळे तिथले लोकही इथेच अडखळतात. आपल्याकडे पहिली पायरी तरी चुकीची घालू नये. ‘स्वराआधी अ‍ॅन’ एवढंच सांगितलं की मूल ‘अ‍ॅन युनिव्हर्सिटी’ लिहितं आणि ‘अ अवर’ लिहितं, कारण ते अक्षर बघतं. बघायचं नसतं, ऐकायचं असतं: ‘युनिव्हर्सिटी’ची सुरुवात ‘य’नं ऐकू येते, ‘अवर’ची ‘अ’नं. ‘द’साठी मराठीचा आधारही आहे, तो सहसा कुणी घेत नाही. ‘दारात मुलगा उभा आहे’ म्हटलं की कुणीतरी नवा मुलगा आलाय. ‘मुलगा दारात उभा आहे’ म्हटलं की तो आपल्याला आधीच माहीत असलेला. मराठी शब्दांच्या जागा बदलून जे काम करून घेते, ते काम इंग्रजी ‘अ’ आणि ‘द’वर सोपवते. हे कळलेल्या मुलाला ‘द’ परका वाटत नाही.

दोन भाषा शेजारी ठेवून शिकवण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी निघालं, ते मराठी आणि इंग्रजी अशा शेजारशेजारच्या स्तंभांत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठी व्याकरण लिहिलं, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता. पुढे तर्खडकरांच्या नावाची भाषांतर पाठमाला घरोघरी पोचली. मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा. इंग्रजी घ्या, मराठी करा. ती कंटाळवाणी होती आणि तिच्यातून बोलायला फारसं कुणी शिकलं नाही, हा आक्षेप खरा. पण दोन भाषा कुठे जुळतात आणि कुठे फारकत घेतात, हे त्या पाठमालेतल्या विद्यार्थ्याच्या हाताला कळत होतं. 1930 च्या दशकात आलेलं रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण तसं नाही. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरी केलेले, पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीनं गाजलेले. त्यांचं पुस्तक नेटकं आहे, पण त्याच्या पानांवर विद्यार्थ्याची भाषा कुठेच नाही.

2000 मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. गरिबाच्या मुलाला इंग्रजी लवकर मिळावं, हा हेतू योग्यच होता. वर्षं वाढली, चूक तपासायची पद्धत मात्र लाल गोलाचीच राहिली. भाषाशास्त्रात 1967 सालीच पिट कॉर्डर यांनी मांडलं होतं की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या डोक्यात तयार होत असलेल्या नियमांचा पुरावा. 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी मातृभाषा आणि नवी भाषा यांच्या मधल्या त्या अवस्थेला स्वतंत्र भाषेचा दर्जा दिला. तृतीय पुरुषी एकवचनी कर्त्यानंतर क्रियापदाला लागणारा ‘एस’ घ्या. ‘शी गो’ लिहिणारी मुलं वेगवेगळ्या मातृभाषांची असतात आणि हा ‘एस’ बहुतेकांना उशिराच जमतो. त्यासाठी तिसरीतल्या पोराचे गुण कापून काय साधतं?

मानखुर्दच्या वर्गात आणखी एक पदर आहे. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात आणि लल्लूभाई कंपाऊंड, साठेनगर, महाराष्ट्र नगर या वस्त्यांत तर एका मजल्यावर चार भाषा ऐकू येतात. इंग्रजी माध्यमाच्या बाकावर मराठी, उर्दू, भोजपुरी, तमिळ बोलणारी मुलं खेटून बसतात. मराठी मुलगी ‘गेला नाही’च्या सवयीनं ‘डिड नॉट वेन्ट’ लिहिते. तिच्या शेजारचा तमिळ मुलगा घरी ‘पोगविल्लै’ म्हणतो, म्हणजे ‘गेला नाही’. पण त्यात ‘पोग’ हे ‘जाणे’चं रूप काळ न दाखवता तसंच राहतं आणि नकार त्याला मागून जोडला जातो. ‘डिड नॉट गो’मध्येही ‘गो’ असाच राहतो. बाईंनी त्या दोघांना फळ्यापाशी बोलावून आपापल्या भाषेतलं वाक्य लिहायला लावलं आणि वर्गाला क्रियापदाखाली रेघ मारायला सांगितली, तर तो नियम त्या दिवशी मुलंच एकमेकांना समजावून सांगतील.