आधी तिचा प्रश्न

त्या रेडिओ केंद्रात शिरण्याआधी दारातल्या बादलीच्या नळाखाली हात धुवावे लागत. पाण्यात क्लोरीन. आपल्याकडे विहिरीत टीसीएल टाकल्यावर येतो तसा उग्र वास. फ्रीटाउनमधल्या माणसांना मात्र तो वास इबोलाचा. २०१४-१५मध्ये दारोदारी अशाच बादल्या होत्या. ३१ मार्च २०२० रोजी सिएरा लिओन या त्यांच्या देशात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि त्या पुन्हा बाहेर आल्या.

मी तेव्हा नोकरीनिमित्त तिथे होते. शाळा बंद, धडे रेडिओवर. एका संध्याकाळी धड्यांनंतर एका मुलीचा आवाज लागला. कोरोनाबद्दल तिने काहीच विचारलं नाही. "माझं बाळ चार महिन्यांचं आहे. शाळा उघडल्या की मला घेतील का?" एवढंच. तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मी केंद्र शोधत गेले.

तो कार्यक्रम जुळवणारी मुलगी बाविशीतली. इबोलाच्या काळात ती शाळेत होती. जवळपास नऊ महिने शाळा बंद राहिल्या, आणि उघडल्यावर तिच्या बाकावरची मैत्रीण परत आलीच नाही. "१८,०००," ती म्हणाली. त्या साथीत दिवस गेलेल्या किशोरींचा हा आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने केलेल्या पाहणीतला. "१८,००० जणी, आणि निर्णय घेताना एकीलाही कुणी विचारलं नव्हतं."

उलट २०१५मध्ये सरकारने गरोदर मुलींना शाळेची दारंच बंद केली. संशय आला तर अंगाला हात लावून तपासणी व्हायची. पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामायिक न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये ही बंदी बेकायदा ठरवली. सरकारने ती उठवली ३० मार्च २०२०ला, म्हणजे पहिला रुग्ण सापडण्याच्या आदल्या दिवशी. परवानगी मिळाली आणि शाळेलाच कुलूप लागलं. साथीच्या बातम्यांच्या गदारोळात हा निर्णय कित्येक मुलींपर्यंत पोहोचलाच नव्हता.

मुली व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या. फोन आईचा, नाहीतर भावाचा. त्यामुळे निरोप यायचे ते घरातली निजानीज झाल्यावर, दबक्या आवाजात. कार्यक्रम जुळवणारी ती मुलीचं नाव वगळायची, गावाचं नाव वगळायची. एका निरोपात मागून कुणीतरी मुलीला हाक मारली होती. तेवढी हाक तिने पुन्हा पुन्हा ऐकून काढून टाकली. मुलगी अडखळली, थांबली, तर ते मात्र तसंच ठेवायची. "विचार करतेय ती. करू दे."

पूर्वी वीस मिनिटं डॉक्टर बोलायचे आणि शेवटी एखादी मुलगी आभार मानायची. हिने क्रम उलटा केला: आधी मुलीचा प्रश्न, मग मोठ्यांनी उत्तर द्यायचं. मला हेच खरं आरोग्यशिक्षण वाटलं. हात धुवा, हे कुणीही सांगेल. त्यासाठीचं पाणी भरायला अंधारात कोण जातं आणि वाटेत कोण अडवतं, हे त्या मुलीच सांगू शकतात. १८,००० हा आकडा सभांमध्ये ऐकवला जातो; त्यातल्या एकीचा प्रश्न ऐकायला मला या खोलीत यावं लागलं.

बाळ असलेल्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोरच घेतलं गेलं. फोनवर एक मुख्याध्यापक होते. "शाळा उघडल्या की बघू," ते म्हणाले.

"सर, बंदी ३० मार्चला उठली. मग बघायचं काय राहिलं?"

ते फीबद्दल बोलले, गणवेशाबद्दल बोलले, पालकांच्या नाराजीबद्दल बोलले. तिने दर वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आवाज चढवला नाही. शेवटी ते म्हणाले, "येऊ द्या तिला."

मला वाटलं, आता ती शेवटचं वाक्य तेवढं ठेवील. तिने 'बघू'पासूनचं सगळं ठेवलं; इतर मुख्याध्यापकांनीही ते ऐकायला हवं, म्हणाली. संध्याकाळी ते क्रिओ भाषेत लागलं, दुसऱ्या दिवशी मेंदे भाषेत.