‘पोरगी हुशार हाये, मंग आर्ट कायले?’

दसरा-दिवाळीच्या दिवसांत सकाळी वाशिमच्या बाजार समितीत जा. गेटपासूनच ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. व्यापारी ढिगातून मूठभर सोयाबीन उचलतो, एक दाणा दाताखाली धरून पाहतो, मग मॉईश्चरच्या मशीनमध्ये टाकतो. आकडा दिसतो, हर्रास सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटांत चार महिन्यांच्या मेहनतीचा भाव ठरून जातो.

मी बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. २०२४च्या हंगामात माझ्या वर्गातली एक मुलगी वडिलांबरोबर अशीच बाजारात जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिली. ‘‘सर, हमीभाव ४,८९२ आहे. मग आमचं सोयाबीन त्याच्या खाली का गेलं? ही हमी दिली कोणी?’’

निकालानंतर तिला अर्थशास्त्र आणि विकास याच विषयात पदवी करायची होती. वडील मला भेटायला आले. ‘‘सर, पोरगी हुशार हाये, मंग आर्ट कायले घ्याचं?’’ प्रश्न मनापासूनचा होता. लेकीच्या तीन-चार वर्षांचा आणि घरातल्या पैशांचा सवाल होता. त्यांच्यासारखे पालक दरवर्षी भेटतात आणि तेच समज घेऊन येतात. म्हणून हे लिहितोय.

समज : सायन्सला मार्क कमी पडले की आर्ट्स, आणि आर्ट्समध्ये सोपा म्हणून इकॉनॉमिक्स

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वर्गात तीन तास लागले. विषय किती सोपा आहे ते त्यावरून पाहा.

पहिला तास हमीभावावर गेला. १९६५मध्ये स्थापन झालेला आयोग, म्हणजे आजचा कृषी खर्च व मूल्य आयोग, शिफारस करतो आणि केंद्र सरकार भाव जाहीर करतं. शेतकऱ्याने खिशातून केलेला खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी यांची बेरीज करायची, त्यावर पन्नास टक्के धरायचे, असं सध्याचं सूत्र आहे. जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज त्यात येत नाही. शेतकरी संघटनांचं भांडण नेमकं तिथे आहे. जाहीर झालेला भाव हा सरकारी यंत्रणेचा खरेदीचा भाव. व्यापाऱ्याने त्याच्या खाली घेऊच नये असा देशभराचा कायदा नाही. सरकारी केंद्रावर माल द्यायचा तर नोंदणी हवी, नंबर लागायला हवा आणि दाण्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. २०२४मध्ये ही मर्यादा १५ टक्के केली, पण ती नोव्हेंबरच्या मध्यावर. तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि कित्येकांचा माल विकून झाला होता.

दुसऱ्या तासाला दाणा फोडून पाहिला. सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ टक्के; बाकी मुख्यतः पेंड, जिला बाजारात सगळे डीओसी म्हणतात. म्हणजे भाव तेलापेक्षाही पेंडीवर हलतो. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, तेल महागलं आणि सगळ्यांना वाटलं की आता सोयाबीन चढणार. पण ब्राझील-अर्जेंटिनाच्या पिकामुळे जगात पेंड मुबलक होती आणि देशात इथेनॉल कारखान्यांतून निघणारा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात तिची जागा घेत होता. पेंड पडली आणि दाणाही तिच्याबरोबर खाली आला.

तिसरा तास होता ‘मग थांबायचं ना’ या प्रश्नाचा. थांबायला पैसा लागतो. हरभऱ्याचं बियाणं, सोंगणीची मजुरी, पीककर्ज, सण, सगळं त्याच पंधरवड्यात येतं. सगळ्यांना एकदमच पैसा हवा असतो, म्हणून आवक एकदम येते आणि भाव दबतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१पासून आहे: माल गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, सहा टक्के व्याज, सहा महिन्यांची मुदत. वर्गात हात वर करायला सांगितला. घरी ही योजना कधी वापरल्याचं सांगणारं एकही मूल निघालं नाही. ती का पोचत नाही, हाच पदवीच्या मुलाने प्रकल्पाला घ्यावा असा विषय.

मागणी-पुरवठा, लवचिकता, विदेशी व्यापार, सार्वजनिक वित्त. बारावीच्या पुस्तकातली चार प्रकरणं एका ढिगात सापडली. वाशिमच्या मुलांना हा विषय सोपा वाटतो, कारण तो ओळखीचा आहे. ओळखीचं नीट समजून घ्यायला मात्र डोकं तेवढंच लागतं.

समज : गणित नको असेल तर हा विषय बरा

सगळ्यांत जास्त नुकसान या समजाने होतं, म्हणून स्पष्ट सांगतो. पदवीच्या अर्थशास्त्रात आलेख, बीजगणित, थोडं कलनशास्त्र आणि भरपूर संख्याशास्त्र असतं. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत गणिताशिवाय बी.ए. होता येतं, हे खरं. पण दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचं तर सीयूईटी परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो, आणि एम.ए.-एम.एस्सी.च्या चांगल्या प्रवेश परीक्षांत गणितावरच गळती होते. महाराष्ट्र बोर्डात कला शाखेलाही गणित घेता येतं. अडचण अशी की तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांत ते क्वचितच शिकवतात. मुलगी दहावीत असतानाच याची चौकशी करा. आणि बारावी गणिताविना झाली असेल तर निकालानंतरच्या सुट्टीत अकरावीचं गणिताचं पुस्तक घेऊन बसायचं. मुलं बसतात, आणि जमतं. मी पाहिलं आहे.

समज : विकासाचा अभ्यास म्हणजे समाजसेवा, आणि मागास जिल्ह्यात त्याला वाव नाही

आधी ‘मागास’ या शब्दाकडे पाहू. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा. सहा तालुके, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ९७ हजार, त्यांतली शंभरातली ८२ माणसं खेड्यात. जानेवारी २०१८मध्ये नीती आयोगाने देशातले जे आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि वाशिम होते. मोजमाप ४९ निर्देशकांवर: आरोग्य-पोषणाला ३० टक्के वजन, शिक्षणाला ३०, शेती-पाण्याला २०, बँकसेवा आणि कौशल्याला मिळून १०, पायाभूत सोयींना १०.

आता एक आकडा. २०११ला वाशिमची साक्षरता ८३.२५ टक्के होती, महाराष्ट्राची ८२.३४. ‘मागास’ जिल्हा साक्षरतेत राज्याच्या पुढे. त्याच जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण पाहिलं, तर आपण राज्याच्या हजारी ८९४ या सरासरीच्याही खाली. शाळा पोचली, पण मुलगी जन्माला येण्याआधीच कमी झाली. एकाच जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी एकदम कशा होतात? विकास अभ्यास हा विषय या प्रश्नापासून सुरू होतो. त्याला कळकळ लागते, आणि तितकंच लागतं ते मोजायला शिकणं. उत्पन्न वाढलं म्हणजे विकास झाला का, हे तपासताना १९९०मध्ये मानव विकास निर्देशांक आला; आपल्या देशाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक तर पोषण, शौचालय, स्वयंपाकाचं इंधन, बँक खातं असे १२ निर्देशक पाहतो.

आता वाव किती ते पाहू. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव भागांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाला. शेलूबाजारच्या आसपास जमिनीचे भाव, मजुरीचे दर, भाजीपाल्याची वाहतूक यांत काय बदललं, मोबदला मिळालेल्या घरांनी त्या पैशाचं काय केलं, हे पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला प्रवास करून येऊन विचारावं लागतं. आपल्या मुलांना सायकलवर जाऊन विचारता येतं.

समज : हे इंग्रजांचं शास्त्र, आपल्या मातीतलं नाही

डॉ. आंबेडकरांची मूळ विद्या अर्थशास्त्र. १९१८मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडे लहान आहेत म्हणून ते जोडा, एवढं पुरणार नाही. जमिनीच्या जोडीला भांडवल आणि अवजारं किती, आणि शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं का बसली आहेत ते पाहा, आणि त्या माणसांसाठी उद्योग उभे करा, असा त्यांचा मुद्दा. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ला ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ला १.३४ राहिलं. आजोबांचा सातबारा आणि वडिलांचा सातबारा शेजारी ठेवून तो निबंध वाचा. शंभर वर्षांपूर्वीचा वाटणार नाही.

रोजगार हमीचं मूळही आपल्याच राज्यात आहे. वि. स. पागे यांनी १९६५मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला प्रयोग केला, १९७७मध्ये राज्याचा कायदा झाला, आणि २००५मध्ये देशाने तीच वाट धरली. गरिबी किती उष्मांकांवर मोजायची, यावर पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१मध्ये मांडणी केली. दांडेकरांच्याच समितीने १९८४च्या अहवालात विदर्भाचा अनुशेष आकड्यांत मांडला. अनुशेष हा शब्द आपण भाषणांत रोज ऐकतो. तो कसा मोजला, हे फार थोड्यांनी वाचलं आहे.

समज : डेव्हलपमेंट स्टडीजची पदवी इथे नाही, म्हणजे रस्ता बंद

त्या नावाची पदवी परदेशात बऱ्याच ठिकाणी मिळते. भारतात हा विषय मुख्यतः एम.ए.ला आहे. पदवीला अर्थशास्त्र घ्यायचं आणि सोबत संख्याशास्त्र, भूगोल किंवा समाजशास्त्र, हा सरळ मार्ग. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून नवं शैक्षणिक धोरण आल्यामुळे मेजर-मायनर अशी जोडी करता येते. आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालयं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत, तिथे बी.ए. अर्थशास्त्र मराठीतून होतं. बाहेर जायचं तर पुण्याची १९३०पासूनची गोखले संस्था आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं ग्रामीण आवार आहे, आणि तो धाराशिव जिल्हाही आपल्यासारखाच आकांक्षित. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात घरच्या उत्पन्नानुसार फी-सवलत मिळते. पुढे मुंबईत गोरेगावला, रिझर्व्ह बँकेने १९८७मध्ये काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे.

मराठी माध्यमाची भीती मात्र मनातून काढा. संकल्पना मराठीत पक्की झालेली मुलं इंग्रजी पुस्तक दुसऱ्या वर्षापर्यंत वाचू लागतात. पाठांतर करून आलेल्यांना दोन्ही भाषा जड जातात.

समज : नोकरी म्हणाल तर मास्तरकी, नाहीतर एमपीएससी

नुसती बी.ए.ची पदवी हातात घेऊन फार काही मिळत नाही, हे पालकांना मी लपवत नाही. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला आणि रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागाला पदव्युत्तर शिक्षण लागतं. म्हणजे हिशेब तीन नव्हे, पाच-सहा वर्षांचा धरा. पण नाबार्डच्या ग्रेड ए परीक्षेत आर्थिक-सामाजिक प्रश्न आणि ग्रामीण विकास हा अख्खा पेपर आहे, रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेतही आर्थिक-सामाजिक प्रश्नांचा पेपर आहे, आणि राज्यसेवेला आता लेखी स्वरूपात वैकल्पिक विषय आला आहे. याशिवाय उमेद हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, जलसंधारणाचे प्रकल्प, शेतकरी उत्पादक कंपन्या, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था या सगळ्यांना एक्सेलमध्ये आकडे लावू शकणारा आणि गावात जाऊन बोलू शकणारा माणूस हवा असतो. दोन्ही येणारा उमेदवार कमी मिळतो.

सुरुवात कुठून करायची? अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं. पेरा, पाऊस, बँका, शाळा, दवाखाने, सगळं त्यात तालुकावार असतं. एक वर्षाचं घ्या, दहा वर्षांपूर्वीचं घ्या, आणि आपल्या तालुक्याची ओळ शोधा.

त्या मुलीने मात्र सुरुवात घरातून केली. तिच्या वडिलांनी अडत्याच्या हिशेबपट्ट्या एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या. मला भेटून गेल्यावर आठवड्याने त्यांनी ती पिशवी माळ्यावरून काढून दिली. तिने रजिस्टरमध्ये रकाने आखले: तारीख, क्विंटल, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. शेजारी त्या-त्या वर्षीचा हमीभाव: २०१४-१५ला २,५६०, २०२४-२५ला ४,८९२. निर्देशांकाचं प्रकरण उघडून ती आता २०१४च्या रुपयात आजचा भाव काढते आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये विदर्भाच्या बाजारांत सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. त्या महिन्याची एकही पट्टी पिशवीत नाही. त्या वर्षीची पट्टी आहे ती ऑक्टोबरची, आणि तिने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.